ट्रान्स हा शब्द मी वाचला नाही

सरांना दिसत नाही, हे आमच्या कोचिंगमध्ये सगळ्यात आधी मला कळलं.

कोचिंग इंदूरच्या भंवरकुआँ भागात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. स्टाफरूममध्ये मराठी आम्ही दोघंच, बाकी सगळा कारभार हिंदीत. सर वरच्या बॅचला ऑर्गॅनिक केमिस्ट्री शिकवायचे. तीस वर्षांचं नाव होतं त्यांचं, इंदुरातले डॉक्टर आणि इंजिनिअर त्यांच्या पाया पडायचे. मी खालच्या बॅचेसना मिळेल ते शिकवायचे. एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर एक कागद धरला आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "हे जरा वाच बरं. चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. काड्या बाहेर आलेल्या दिसत होत्या. मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "सर, चष्मा खिशात आहे तुमच्या."

त्यांनी खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "चष्म्याचा काही उपयोग नाही. डोळ्याचा पडदा गेलाय. मधोमध नुसता धूर दिसतो. आत्ता तुझे कान दिसून राहिलेत, केस दिसून राहिलेत. तोंड नाही दिसत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तुकोगंजच्या दवाखान्यात दर महिन्याला डोळ्यात सुई टोचून घेतो. ते म्हणतात, आहे तेवढं टिकवू. कोणाला बोलू नको."

मी नाही बोलले. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. एवढ्या नावाजलेल्या माणसाची नाडी आपल्या हातात आहे, ही गोष्ट मला आवडायला लागली होती.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा क्लास सुरू व्हायच्या आधी आम्ही स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसायचो. मुलांना वाटायचा प्रश्नांचा कागद, त्याला परचा म्हणायचे, तो मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. बारा-पंधरा प्रश्न एकदा ऐकले की त्यांच्या डोक्यात क्रमाने बसायचे. मग वर्गात जाऊन, हातात कागदही न घेता, "क्वेश्चन नंबर चार देखो" म्हणत ते बोर्डाकडे वळायचे. मुलांना वाटायचं, काय माणूस आहे, याला सगळे परचे तोंडपाठ. बोर्डावर ते मोठं मोठं लिहायचे. षट्कोन काढताना त्यांचा हात थांबायचा नाही, तीस वर्षांची सवय होती ती. बदामांच्या वड्या असायच्या त्यांच्या खिशात. वाचून झालं की मला एक द्यायचे. मी खायचे.

मी कोण आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

मी जुन्या इंदुरातली. सोळा वर्षांची असताना त्यांच्याकडेच शिकवणीला जायचे. तेव्हा ते घरी बॅच घ्यायचे, आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. समोरच्या खोलीत सतरंजीवर आम्ही वीस-पंचवीस जण मांडीला मांडी लावून बसायचो. माझे वडील एका दफ्तरात बाबू होते आणि ते प्यायचे. रोज प्यायचे. संध्याकाळी त्यांना कोणीतरी सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणून सोडायचं आणि गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. त्या बघतायत म्हणून आई आतल्या खोलीत भांडी जोरात आपटायची. आमच्या त्या भागात हे माहीत नव्हतं असं कोणी नव्हतं.

एकदा सरांनी परीक्षा घेतली. प्रश्न अगदी साधा होता. टू-ब्रोमोब्यूटेनवर अल्कोहोलिक केओएच टाकलं तर काय होईल? हाच केओएच पाण्यात विरघळवला असेल तर ब्रोमीन निघून जातो आणि त्याच्या जागी ओएच येऊन बसतो, अल्कोहोल तयार होतं. अल्कोहोलमध्ये विरघळवला असेल तर मात्र नवीन कोणी येऊन बसत नाही. ब्रोमीन जातो, शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजनही केओएच, म्हणजे बेस, ओढून नेतो, आणि मागे राहिलेल्या दोन कार्बनांमध्ये डबल बाँड तयार होतो. याला एलिमिनेशन म्हणतात. हे मला शिकवलं होतं. पण परीक्षेत घाबरले, आणि अल्कोहोलिक हा शब्द बघून उत्तरात अल्कोहोल लिहून टाकलं.

सरांनी माझा पेपर हातात घेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. "अल्कोहोलिक आहे, म्हणून अल्कोहोल! काय डोकं आहे!" मुलं हसली. मीही खाली मान घालून थोडी हसले, कारण चूक खरंच हसण्यासारखी होती. मग ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अच्छा, अच्छा. हिचा दोष नाही. घरचा परिणाम आहे."

यावर जे हसू झालं, ते पहिल्यासारखं नव्हतं. आधी एक क्षण कोणी हसलं नाही. आमच्याच गल्लीतला एक मुलगा फिसकन हसला आणि मग सगळे हसले. त्या दिवसापासून बारावी संपेपर्यंत माझं नाव 'अल्कोहोलिक' पडलं. शाळेत, शिकवणीत, रस्त्यावरसुद्धा. वडिलांच्या कानावरही ते गेलं असावं. त्यांनी मला कधी विचारलं नाही, पण त्यानंतर शिकवणीच्या वेळेला ते घराबाहेर दिसायचे नाहीत. प्यायचे मात्र तितकंच.

मी केमिस्ट्रीतच एम.एस्सी. केलं. लोकांना वाटतं, जिद्दीने केलं असेल. तसं काही नव्हतं, गुण त्यातच बरे पडले. लग्न झालं, आडनाव बदललं, सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला. वडील वारले. कोचिंगमध्ये नोकरी लागली तेव्हा सर तिथे आहेत हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी नमस्कार केला, त्यांनी विचारलं, "मराठी का? वा, बरं झालं." एवढंच. मला वाटलं, विसरले. मी म्हटलं, चला, मग आपणही विसरू. दोन वर्षं ते जमलंही.

तिसऱ्या वर्षी आमच्या डायरेक्टरांनी ठरवलं, की सरांचा हॅलोअल्केन्सचा धडा वर्गात कॅमेरा लावून रेकॉर्ड करायचा आणि ॲपवर टाकायचा. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मैडमजी, आप पीछे बैठना. देखना कैसा जा रहा है. जम गया तो पूरी ऑर्गेनिक सर से करवाएँगे. नहीं जमा तो फिर आप कर लेना, भिया." डायरेक्टर बाईमाणसालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे, तोंडातच बसलं होतं त्यांच्या. मी मान हलवली. खरं सांगायचं तर केबिनमधून बाहेर पडताना माझ्या मनात काही वाईट नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी सर छान इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. केसांना तेल लावलेलं. आम्ही कोपऱ्यात बसलो. मी वाचायला सुरुवात केली. पाचवा प्रश्न झाला. सहावा होता, टू-ब्रोमोब्यूटेन आणि अल्कोहोलिक केओएच.

सर डोळे मिटल्या मिटल्याच हसायला लागले.

"काय झालं, सर?"

"अगं, याच्यावर माझा एक किस्सा आहे. दर वर्षी सांगतो. पोरं जाम हसतात. एक मुलगी होती माझ्या घरच्या बॅचमध्ये, आपल्यातलीच, मराठी. तिने उत्तर काय लिहिलं? अल्कोहोल! का, तर म्हणे अल्कोहोलिक लिहिलंय ना. आणि मजा अशी, की तिचा बाप पक्का बेवडा!" त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. "आज कॅमेऱ्यासमोर सांगतो. ॲपवर चालेल मस्त."

त्यांचा तळहात माझ्यासमोर तसाच उघडा होता. मी टाळी दिली.

म्हणजे ते विसरले नव्हते. फक्त माझं तोंड विसरले होते. पंधरा-सोळा वर्षं, दर वर्षी, दोनशे-तीनशे मुलं माझ्या वडिलांवर हसत होती, आणि मी रोज सकाळी त्या माणसाला प्रश्न वाचून दाखवत होते, त्याच्या हातची वडी खात होते.

"सातवा वाच," सर म्हणाले.

कागदावर छापलं होतं, ट्रान्स-वन-क्लोरो-टू-मिथाइल-सायक्लोहेक्झेन, अल्कोहोलिक केओएच. मी वाचलं, "वन-क्लोरो-टू-मिथाइल-सायक्लोहेक्झेन, अल्कोहोलिक केओएच."

यात काय केलं ते सांगायला हवं. सहा कार्बनांचं एक कडं असतं. त्यातल्या एका कार्बनवर क्लोरीन, शेजारच्यावर मिथाइल. एलिमिनेशनचा साधा नियम असा, की जिकडे जास्त फांद्या तिकडे डबल बाँड, म्हणजे मिथाइलच्या बाजूला. पण कड्यात आणखी एक अट असते. जाणारा क्लोरीन आणि जाणारा हायड्रोजन हे कड्याच्या विरुद्ध बाजूंना असावे लागतात, एक वर तर दुसरा खाली. सिस म्हणजे क्लोरीन आणि मिथाइल एकाच बाजूला, ट्रान्स म्हणजे विरुद्ध बाजूंना. मग मिथाइलच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपोआप क्लोरीनच्याच बाजूला येतो. तो निघू शकत नाही. डबल बाँड दुसऱ्या बाजूला होतो. त्या एका शब्दाने उत्तर पूर्ण बदलतं.

सरांना हे ठाऊक नसेल असं कसं होईल? त्यांनी लगेच विचारलं, "सिस का ट्रान्स?"

"दिलं नाही, सर."

"नीट बघ."

मी कागदाकडे बघितलं. तो शब्द तिथे होता, काळ्या शाईत. "नाही, सर. नुसतंच दिलंय."

"परचे बनवणारी ही कंटेंटवाली पोरं ना, एक नंबरची अर्धवट," ते म्हणाले. "नुसतं दिलंय तर मग मिथाइलच्या बाजूला. चल, पुढचा."

मी पुढचे पाचही प्रश्न बरोबर वाचले. वाचून झाल्यावर त्यांनी मला वडी दिली, ती मी पर्समध्ये टाकली.

वर्गात दीडशे मुलं होती. मागच्या भिंतीशी कॅमेरा, त्याच्या शेजारी खुर्चीवर मी. सर रंगात आले होते. सहावा प्रश्न आला आणि त्यांनी तो किस्सा सांगितला, हिंदीत, हातवारे करून. "एक लड़की थी..." बापाशी आल्यावर त्यांनी अंगठा तोंडाकडे नेऊन बाटलीची खूण केली. दीडशे मुलं हसली. कॅमेरावालाही हसला. तोवर मी उठून सरांना सांगू शकले असते, की सातव्यात एक शब्द राहिला. पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने जाता आलं असतं. त्या हसण्यानंतर मी खुर्चीत नीट टेकून बसले.

सरांनी सातवा सोडवला. मिथाइलच्या बाजूला डबल बाँड काढला. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला, पण सरांना हात दिसत नव्हता. मग तो बोलला, "सर, ट्रान्स लिखा है."

"कहाँ लिखा है?"

"सर, क्वेश्चन में."

"नहीं लिखा है," सर म्हणाले. किती खात्रीने म्हणाले! "आँखें खोल के पढ़ा करो बेटा. आँखें भगवान ने किसलिए दी हैं?"

मुलं हसली. तो मुलगा लाल झाला. आता बाकीच्यांनी आपापले कागद बघितले आणि कुजबुज सुरू झाली. "सर, लिखा है." "हाँ सर, ट्रान्स लिखा है." तो मुलगा उठला, पुढे गेला आणि त्याने आपला कागद सरांच्या हातात दिला. त्याला काही खोडी काढायची नव्हती, गरीब मुलगा होता.

सरांनी कागद घेतला. समोर धरला. मग जवळ आणला, अजून जवळ, नाकाला लागेपर्यंत. मग हात लांब केला. मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने बघायला लागले. कागद डावीकडे नेला, उजवीकडे नेला. वर्गात आवाज बंद झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. कुणीतरी मागून म्हणालं, "अबे, इनको दिखता ही नहीं है," आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. सरांनाही.

त्यांनी कागद खाली घेतला आणि तोंड वर्गाच्या मागच्या भिंतीकडे केलं, जिथे मी बसलेय हे त्यांना माहीत होतं. मराठीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचा."

मी उभी राहिले. शेजारच्या मुलाचा कागद घेतला आणि वाचलं, "ट्रान्स-वन-क्लोरो-टू-मिथाइल-सायक्लोहेक्झेन." स्पष्ट, एकेक अक्षर.

त्यांना कळलं. कसं ते सांगता येत नाही. चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त मार्कर धरलेला हात थोडा खाली आला. मला वाटलं, आता ते सांगतील, हिने सकाळी मला दुसरंच वाचून दाखवलं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण ते बोर्डाकडे वळले, हाताच्या पंजाने आधीचं उत्तर पुसलं आणि सहा कार्बनांचं कडं पुन्हा काढलं, खुर्चीच्या आकारात. "क्लोरीन ऊपर. ट्रान्स है, तो मिथाइल नीचे. अब बताओ, मिथाइल वाले कार्बन का हाइड्रोजन किधर है? क्लोरीन के सामने नहीं है. तो वो दरवाज़ा बंद. बेस क्या करेगा? दूसरे पड़ोसी के पास जाएगा." त्यांनी दुसऱ्या बाजूचा हायड्रोजन काढला, बाण काढले, डबल बाँड काढला. मी एम.एस्सी.पर्यंत हा प्रश्न पाच जणांकडून शिकले, इतका स्वच्छ कुणी शिकवला नव्हता. मग त्यांनी मार्करला टोपण लावलं, टेबल चाचपून त्यावर ठेवला आणि भिंतीला हात लावत दाराकडे गेले. दारापाशी उंबरा होता, तिथे थोडे अडखळले. पुन्हा कोणीतरी हसलं.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ऑफिसात राहिलं, पण एका मुलाने मोबाईलवरही घेतलं होतं. दोन दिवसांत ती अर्ध्या मिनिटाची फिल्म भंवरकुआँच्या सगळ्या कोचिंगांत फिरली. सर कागद नाकाला लावतायत, लांब नेतायत. खाली लिहिलेलं, 'ज़ूम इन, ज़ूम आउट'. कँटीनमध्ये मुलं समोशाची प्लेट नाकाला लावून लांब न्यायची. दोन पालक येऊन डायरेक्टरांना म्हणाले, की आंधळ्या माणसाच्या हाती मुलांचं वर्ष कसं द्यायचं. डायरेक्टरांनी मला विचारलं, "आपको पता था?" मी म्हटलं, "नहीं."

आठवड्याच्या आत निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, गुच्छ. भेटवस्तू म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. सरांनी ते दोन्ही हातांनी चाचपलं, काय आहे ते कळल्यावर "वा, वा" म्हणाले. फिजिक्सवाले सर खिडकीकडे तोंड करून खोकले, म्हणजे हसले. डायरेक्टर म्हणाले, "मैडमजी, दो शब्द मराठी में बोल दो, अपने वाले हैं." मी बोलले. अशा समारंभात बोलतात ते सगळं बोलले. दुसऱ्या दिवसापासून वरची बॅच माझी झाली. सातवा प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत शिकवते, 'वो दरवाज़ा बंद'सकट. मुलांना तो फार आवडतो.

तीन-चार महिन्यांनी सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला. "हे म्हणतायत, येऊन जा."

मी गेले. घर तेच. सतरंजीच्या जागी आता सोफा होता. सर पलंगावर बसले होते. काकूंनी पाणी दिलं आणि आत गेल्या. सरांनी काही प्रस्तावना केली नाही.

"का केलंस?"

मी रस्त्यात ठरवलं होतं, की सांगायचं नाही. पण सांगितलं. "ती अल्कोहोलिकवाली मुलगी मी होते, सर. तुम्ही तिचा किस्सा सांगता ती."

त्यांनी माझ्या माहेरचं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे तू त्यांची मुलगी." मग म्हणाले, "ते प्यायचे की नाही?"

"प्यायचे."

"उत्तर चुकलं होतं की नाही?"

"चुकलं होतं."

"मग मी खोटं काय बोललो? वाईट बोललो असेन. बोलायचो मी वाईट. पण खोटं नाही बोललो. तू खोटं बोललीस, बाई. मी दोनदा विचारलं तुला. नीट बघ, म्हणालो होतो."

मी म्हटलं, "तुम्ही दर वर्षी सांगत होता, सर. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली."

"मला काय माहीत ते गेले?" ते म्हणाले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. मी उठायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "थांब. दर रविवारी येत जा सकाळी. माझे तीस वर्षांचे परचे आहेत कपाटात. हिला केमिस्ट्री वाचता येत नाही, मुलगा पुण्यात. मला ते सगळे एकदा ऐकायचेत. दुसरं कोण वाचणार?"

मला वाटलं, हे म्हणजे क्षमाच केली. तसं काही नव्हतं हे पहिल्याच रविवारी कळलं. मी परचा घेऊन बसले, आणि सरांनी काकूंना हाक मारून माझ्या शेजारी बसवलं. मी एक ओळ वाचली, की सर म्हणायचे, "आता तू." मग काकू चष्मा लावून, बोट ठेवून, तीच ओळ अक्षर-अक्षर वाचायच्या. "टी, आर, ए, एन, एस. मग एक छोटी रेघ आहे. मग एक आकडा." सर ऐकायचे, माझ्या वाचनाशी ताडून बघायचे, आणि म्हणायचे, "बरोबर. पुढे." एकेका पानाला तास लागायचा. काकूंना मराठी शाळेतलं इंग्रजी, त्या दमून जायच्या. कधी एखादं अक्षर त्यांच्याकडून सुटलं तर सर म्हणायचे, "मॅडमनी खाल्लं का ते?" काकू माझ्याकडे बघायच्या नाहीत. एकदा त्यांना भरून आलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, पुरे करा आता. ती येते ना बिचारी, आपला रविवार सोडून." सर म्हणाले, "बिचारी नाही ती. हुशार आहे. बेसला सुद्धा कळणार नाही असा हायड्रोजन काढते."

तरी मी जात राहिले. नवरा विचारायचा, कशाला जातेस? मी म्हणायचे, गुरू आहेत. खरं कारण मला नीट सांगता यायचं नाही. तिथे बसून अपमान करून घेतला की आठवडाभर वर्गात शिकवणं सोपं जायचं. एवढाच माझा हिशेब होता, आणि तो सरांना कळलेला असावा. काही रविवारी ते मुद्दाम काही बोलायचे नाहीत. मी वाचायचे, काकू ताडायच्या, ते "पुढे" म्हणायचे, बस. त्या दिवशी घरी येताना मला जास्त त्रास व्हायचा.

असे आठ महिने गेले. उन्हाळ्यातल्या एका रविवारी गेले, तर काकूंनी दारातच सांगितलं, की आत या, पण आज बसू नका. सर पलंगावर मोबाईल हातात घेऊन बसले होते. मुलगा येऊन गेला होता पुण्याहून, त्याने त्यात काहीतरी घालून दिलं होतं. कागदावर मोबाईल धरायचा, फोटो निघतो, आणि आतून एक बाई वाचून दाखवते. सरांनी मला ते करून दाखवलं. मोबाईलमधली बाई सपाट आवाजात म्हणाली, "ट्रान्स डॅश एक डॅश क्लोरो." मिथाइलचा तिने भलताच उच्चार केला आणि खालची आकृती तिला कळलीच नाही. ती सोडून ती पुढच्या प्रश्नावर गेली.

"चुका करते," मी म्हटलं.

"करते की. खूप करते," सर म्हणाले. "पण मुद्दाम नाही करत." मग मोबाईल बंद करून उशीखाली ठेवला. "उद्यापासून, म्हणजे पुढच्या रविवारपासून, येऊ नको."

मी काकूंकडे बघितलं. त्या रिकामा पेला हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला पाणी विचारलं नाही. मी चपला घातल्या, जिना उतरले. गल्लीत ऊन चढलं होतं आणि स्कूटरची सीट इतकी तापली होती, की रुमाल टाकून बसावं लागलं. साडेअकराला माझा एक्स्ट्रा क्लास होता. पोचले तेव्हा मुलं बसलेली होती, कॅमेरा लावलेला होता. मी मार्कर घेतला आणि शिकवायला लागले.